हुबेहूब

सकाळी सव्वासातला, चहा उकळत असताना
कुमूचा ईमेल आला.

'प्रिय मैत्रिणी,
मी आशा करते की तू कुशल असशील.
मी सध्या एका कठीण परिस्थितीत आहे.
कृपया ही गोष्ट गोपनीय ठेव.
पंधरा हजार रुपये. आजच. दुवा खाली दिला आहे.'

त्याखाली: कुमुदिनी झोकरकर, स्नेहलतागंज, इंदूर.
नावातली वेलांटी न् वेलांटी बरोबर.

एकतीस वर्षं मी रामबागेत, सहकारी बँकेच्या
काउंटरमागे बसून सह्या ताडल्या.
एका हातात चेक, दुसऱ्या हातात नमुन्याचं पिवळं कार्ड.
आमचे पुराणिकसाहेब सांगायचे,
खरी सही दोनदा सारखी येत नाही, बाई.
माणूस घाईत असतो, पेन अडतं,
बायको दारात उभी असते.
जी कार्डावर ठेवली की तंतोतंत बसते
ती खिडकीच्या काचेवर गिरवलेली समजा.
हुबेहूब दिसलं की उठून उभं राहायचं.

मी उठून उभी राहिले.
गॅस बंद केला.

कुमू मला 'प्रिय मैत्रिणी' म्हणेल?
चाळीस वर्षं ती मला 'ए खजांची' म्हणाली,
चिडली की 'खजांचीबाई'.
तिची मराठी आपली इंदूरची,
हिंदीच्या शेजारी राहून राहून मऊ पडलेली:
'काय करून राहिलीस? मी निघून राहिले, चहा टाक.'
पुण्याच्या नणंदा हसायच्या.
ती म्हणायची, हसू दे, व्याकरण त्यांचं, जीभ माझी.
आणि गोपनीय? कुमूच्या पोटात?
दुपारी तिच्या कानात सांगितलेलं
दिवेलागणीला पाटणीपुऱ्यात पोचलेलं असायचं.

हे सगळं सुचलं.
सगळ्यात आधी जे आठवायला हवं होतं
ते सगळ्यात शेवटी आठवलं:
कुमूला जाऊन माघात दोन वर्षं होतील.
तेराव्याला मी तिथेच जेवले.
तिला कधीच न आवडणारं श्रीखंड होतं.

मग चष्मा लावून पत्ता पाहिला.
इंग्रजी झोकरकरात एक आर जास्त.
चोराला शिरायला एक अक्षर पुरतं.

देवासच्या बंडूभाऊंनी मात्र नऊ हजार पाठवले.
तिचे मावसदीर. ती गेल्याचं त्यांना
कुणी कळवलंच नव्हतं.
मी म्हटलं, रडणं मागाहून, आधी फोन फिरवा,
एक-नऊ-तीन-शून्य, आत्ताच्या आत्ता,
उशीर झाला की पैसे दहा खात्यांत पांगतात.
त्यांनी फिरवला. पुन्हा मला लावला.
अजून रडतच होते.
पैशांसाठी, असं मी आधी धरून चालले.

रात्री मुलाशी बोलले, हैदराबादला.
म्हटलं, ऋत्विक, यापुढे तू पैसे मागितलेस,
अगदी तुझ्या आवाजात, तुझा चेहरा दाखवून, रडून,
तरी मी आधी विचारीन:
सराफ्यात त्या थंडीत गराडू खाताना
आपण कुणाच्या अंगावर काय सांडलं होतं?
तो खो खो हसला. आई, अजून लक्षात आहे तुझ्या?
उत्तर त्याला ठाऊक, मला ठाऊक.
इथे लिहिणार नाही.

त्या दुव्यावर बोट ठेवलं नाही.
असल्यांना उत्तर द्यायचं नसतं, तेही दिलं नाही.
पण ईमेल अजून पुसलेला नाही.
'न वाचलेला' अशी खूण करून ठेवलाय,
म्हणजे तिचं नाव
ठळक अक्षरांत दिसतं.

आणि मसुद्यांमध्ये एक ओळ पडून आहे,
पत्त्याची जागा रिकामी:
ए कुमू, काय करून राहिलीस?